पोट्टे पाठवू नका, सोबत या

वंदनाताई गेल्याची बातमी मला शाळेच्या स्टाफ ग्रुपवर मिळाली. सकाळचे साडेसहा झाले असतील. मी डबा भरत होते आणि फोनवर त्या दिवसाची अरेंजमेंटची यादी येऊन पडली होती. रजेवरच्या शिक्षकांच्या वर्गांवर कोणी जायचं, याची ही यादी लखनौच्या आमच्या शाळेत रोज सकाळी येते. वंदनाताईंची रजा आदल्या दिवशी संपली होती, म्हणून यादी करणाऱ्याने त्यांना तिसऱ्या तासाला सहावीवर लावलं होतं. यादीच्या खाली त्यांच्या मुलीचा, तेजूचा निरोप कुणीतरी पुढे पाठवला होता : 'मम्मी आज सुबह नहीं रहीं.' मग ओळीने जोडलेले हात. मग पुन्हा यादी, दुरुस्त केलेली. तिसऱ्या तासाला त्यांच्या जागी माझं नाव होतं. आणि मी गेले त्या तासाला. हजेरी घेतली, 'शांति से बैठो' म्हटलं, आणि खिडकीतून छावणीच्या रस्त्याकडे बघत पस्तीस मिनिटं काढली. स्मशानात पोहोचायला मला उशीर झाला.

त्याला आता सहा आठवडे झाले. त्यांच्याविषयी चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण नुसतं चांगलंच लिहिलं तर ते खोटं होईल, कारण या सगळ्यात मीही आहे.

वंदना मेश्राम मूळच्या भंडाऱ्याच्या. यजमान टपाल खात्यात, बदलीने लखनौला आले आणि इथेच राहिले. ताई आमच्या शाळेत ग्रंथपाल होत्या. मी सांगलीची, भूगोल शिकवते. माझे यजमान इथल्या एका संशोधन संस्थेत आहेत. अख्ख्या स्टाफमध्ये मराठी आम्ही दोघीच, त्यामुळे आमची गट्टी असणार असं सगळे धरून चालत. प्रत्यक्षात पहिली चार वर्षं आम्ही जिन्यात भेटलो की 'काय, बरंय ना?' एवढंच बोलत असू. मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. गोमतीनगरातल्या आमच्या फ्लॅटवर हळदीकुंकू होई, शहरातल्या दहा-बारा मराठी बायका येत, त्यांत त्या नसत. का नसत, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मला ठाऊक होतं.

शाळेची लायब्ररी तळमजल्यावर होती. काचेची कपाटं, कपाटांना कुलपं, आणि ताईंच्या कमरेला चाव्यांचा जुडगा. मुलं त्यांना 'चाबीवाली मैम' म्हणत. आम्हा शिक्षकांच्या लेखी लायब्ररीचा तास म्हणजे आपल्याला मोकळा मिळालेला तास. वर्ग खाली पाठवायचा आणि स्टाफरूममध्ये बसून वह्या तपासायच्या. दंगा करणाऱ्यांनाही खालीच पाठवत असू, शिक्षा म्हणून. ताई दर सत्राला सगळ्यांना एक कागद देत, त्यावर लिहिलेलं असे, 'आपल्या विषयासाठी हवी असलेली पुस्तके कळवावीत.' कोणी कळवत नसे. गणिताचे श्रीवास्तवजी तर तो कागद त्यांच्यासमोरच घडी करून चहाच्या कपाखाली ठेवत.

मग एके दिवशी त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. मी सातवीला गोमती नदीवर प्रकल्प दिला होता. मुलं लायब्ररीत बसून तो लिहीत होती, तेव्हा ताईंनी वह्या पाहिल्या होत्या.

"मॅडम, तुमच्या अडतीस पोट्ट्यांनी एकच चूक केली आहे."

"म्हणजे?"

"गोमती कुठं उगम पावते, ते एकानं चुकीचं उतरवलं. बाकी सदतीस जणांनी त्याचं पाहून. अन् तुम्ही सगळ्यांना 'गुड' दिलं."

मला फार राग आला. खरं होतं म्हणूनच आला असावा. वह्या तपासणं माझं काम आहे, तुम्ही तुमची कपाटं बघा, असं मी म्हणाले. मराठीत म्हणाले, म्हणजे इतरांना कळू नये. त्या 'हो' म्हणून निघून गेल्या. पण पुढच्या आठवड्यात मी वर्गात शिकवत असताना त्या दारात हजर. दोन्ही हातांत पुस्तकांची चळत, मागे दोन मुली आणखी पुस्तकं घेऊन. "तुमचा नद्यांचा धडा चालू आहे ना, म्हणून आणली," म्हणाल्या. चाळीस तरी पुस्तकं असतील. मुलं तुटून पडली, कोणी चित्रं पाहतंय, कोणी ओढाओढी करतंय, घंटा झाली आणि माझा धडा अर्ध्यात राहिला. मी सगळ्या वर्गासमोर, या वेळी हिंदीत, म्हणाले, "मैम, अगली बार पूछकर आइएगा." त्यांनी खाली वाकून पुस्तकं गोळा केली. एकाचं पान फाटलं होतं, ते त्यांनी तळहाताने सरळ केलं. मुलं फिदीफिदी हसत होती आणि मी त्यांना गप्प केलं नाही.

दुसरी कोणी असती तर तिथेच थांबली असती. दहा-बारा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. या वेळी हात रिकामे होते.

"मी तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसू का? बोलणार नाही."

"कशाला?"

"मला माहीतच नाही ना तुम्ही काय करून राहिल्या ते. पुस्तकं कोणती द्यावी, हे मी कपाटाकडं पाहून ठरवत होती."

नाही म्हणायला कारण सापडेना. दोन आठवडे त्या रोज माझ्या एका तासाला येऊन बसल्या. गुडघे त्या छोट्या बाकात मावत नसत, म्हणून तिरक्या बसत. मला सुरुवातीला घाम फुटायचा. पंधरा वर्षांत माझ्या वर्गात दुसरं मोठं माणूस असं तपासणीशिवाय बसलं नव्हतं. शेवटच्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या म्हणाल्या, "मी समजत होती की तुम्ही लोकं पुस्तकांना वेळ देत नाही. तुमच्याजवळ वेळच नाही हो, ताई. पस्तीस मिनिटांतली दहा तर हजेरीत अन् 'मैम, वॉशरूम'मध्ये जातात." त्यांनी मला पहिल्यांदा ताई म्हटलं ते तेव्हा. वयाने त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या होत्या, पण पुढे आम्ही दोघी एकमेकींना ताईच म्हणत राहिलो.

त्यानंतर त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. धड्याच्या पंधरा दिवस आधी त्या माझ्याबरोबर बसत. पुस्तकं चाळीस नाहीत, फक्त पाच. आणि प्रश्न एकच, पण असा की त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात सापडू नये. पुस्तकं त्या निवडत, प्रश्न मी काढायचा. सात मिनिटं त्या बोलत, उरलेला वेळ मुलं शोधत आणि आम्ही दोघी टेबलांमधून फिरत असू. त्यांची एकच अट होती. "पोट्टे पाठवू नका, सोबत या." म्हणजे माझा मोकळा तास गेला. पहिल्या महिन्यात मी त्याबद्दल कुरकुरले, नंतर विसरले.

भूजलाचा धडा मी मरेपर्यंत विसरणार नाही. सातवीत शाइस्ता नावाची मुलगी होती, बख्शी का तालाबच्या बाजूच्या एका गावातून व्हॅनने यायची. वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकलेला. ताईंनी जिल्ह्याच्या माहितीचं एक जुनं जाड पुस्तक त्या पाचांत ठेवलं होतं. त्यात त्या भागातल्या विहिरींना किती खोलीवर पाणी लागे, ते लिहिलेलं. शाइस्ता ते पान घेऊन बराच वेळ बसून राहिली. मग ताईंच्या कानाशी काहीतरी बोलली. ताई म्हणाल्या, "मुझे नहीं, मैम को बताओ." ती माझ्याकडे आली. "मैम, हमारे दादा कहते हैं कुएँ की रस्सी तीन बार बदली. हर बार लंबी लानी पड़ी. तो किताब ग़लत है कि दादा?"

मी उत्तर देणारच होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ताईंनी माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "पता नहीं, बेटा. कैसे पता करें?" शिक्षिका झाल्यापासून 'पता नहीं' हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले होते. पुढच्या सोमवारी शाइस्ताने दादांना, म्हणजे आजोबांना, विचारून तिन्ही दोरांची लांबी हातांत मोजून लिहून आणली आणि फळ्यासमोर उभी राहून बोलली. तिचं बोलून झाल्यावर आणखी नऊ मुलांनी आपापल्या आजोबांना विचारून आणलं. त्या दिवशी ताईंनी कपाटांची कुलपं काढली आणि परत लावलीच नाहीत.

दोन वर्षं असं चाललं. हिंदीच्या शुक्ला मॅडम आल्या, विज्ञानाची एक नवी मुलगी आली, मग आणखी दोघी. श्रीवास्तवजी अखेरपर्यंत आले नाहीत. मी ताईंच्या घरी जाऊ लागले. छोटं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, जेवायला वांग्याची भाजी आणि इतका तिखट ठेचा की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. तेजू आमचं मराठी बोलणं ऐकून हसायची आणि हिंदीतून उत्तरं द्यायची. ताई एकदा म्हणाल्या होत्या, "वीस वर्षं मी पुस्तकं सांभाळली हो, ताई. कोणाला लागतात, तेच पाहिलं नव्हतं." त्या वर्षी आमच्याकडे हळदीकुंकवाला मी त्यांना बोलावलं. त्या हसून म्हणाल्या, "त्यासाठी नाही येणार मी, ताई. चहाला बोलवा कधी, येईन." मी चहाला बोलावलं, त्या आल्या. एवढं तरी मी केलं.

मग शाळेत नवे प्राचार्य आले. त्यांना स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी मोठी खोली हवी होती, पडदा आणि प्रोजेक्टरवाली, आणि तळमजल्यावरची सर्वांत मोठी खोली लायब्ररीची होती. ताईंनी अर्ज लिहिला. त्यात विनवणी नव्हती. कोणत्या वर्गाचा कोणता धडा कोणत्या शिक्षिकेबरोबर कसा केला, मुलांनी काय शोधलं, ते चार पानांत स्वच्छ लिहिलं होतं. खाली सह्यांसाठी जागा ठेवली होती, आम्हा पाच जणींच्या. त्या माझ्याकडे पहिल्यांदा आल्या. माझी नोकरी कंत्राटी, दर मार्चला पुढच्या वर्षाचं पत्र मिळतं, आणि तो फेब्रुवारी होता. मी म्हणाले, "वाचून उद्या करते." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज जरा घाईत आहे." तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. माझी नाही म्हटल्यावर इतर तिघींनीही केली नाही. सही फक्त शुक्ला मॅडमची झाली.

मीटिंग झाली. प्राचार्यांनी तो अर्ज बाजूला ठेवला आणि थेट मला विचारलं, "मैम, इसमें सबसे ज़्यादा आपका ही नाम है. आप बताइए, लाइब्रेरी के बिना आपका काम रुकेगा क्या?"

ताई माझ्यापासून दोन खुर्च्या पलीकडे होत्या. मी म्हणाले, "सर, आजकल तो सब नेट पर मिल जाता है... मैनेज हो जाएगा."

एवढंच. माझ्यावर कोणी ओरडलं नव्हतं, धमकी दिली नव्हती. मला एक सरळ प्रश्न विचारला होता आणि त्याचं खरं उत्तर मला माहीत होतं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी टेबलावरची चार पानं उचलली, कोपरे जुळवले आणि पिशवीत ठेवली. मार्चमध्ये मला माझं पत्र मिळालं.

एप्रिलमध्ये त्यांनी एकटीने पुस्तकं खोक्यांत भरली. मी दोनदा त्या दारावरून गेले, एकदा आत डोकावून "मदत हवी का?" असं विचारलंही, नाहीच म्हणतील या खात्रीने. त्या म्हणाल्या, "होऊन राहिलं, ताई." खोकी जिन्याखालच्या स्टोअरमध्ये गेली. लायब्ररीत पडदा लागला. ताईंना परीक्षेच्या बैठकव्यवस्थेचे तक्ते करायला बसवलं, आणि रोजची अरेंजमेंट. जिथे कोणी नाही तिथे वंदना मैम. मुलं आता त्यांना कुठल्याच टोपणनावाने हाक मारत नव्हती. जूनमध्ये एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "खोकी तुमच्या नावानं लावून ठेवली आहेत, ताई. चावी बाबूजींजवळ आहे. लागेल तेव्हा मागून घ्या." बाबूजी म्हणजे आमचे हेडक्लार्क. मी "हो, हो" म्हणाले. मला तेव्हा फक्त तिथून निसटायचं होतं. त्या माझ्याशी कधी वाईट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला काहीतरी म्हणता आलं असतं. माझ्या त्यांच्या घरच्या फेऱ्या थांबल्या. कारणं मिळत गेली... आणि त्यांनीही विचारलं नाही.

पुढचं वर्ष असंच सरलं. पोटात दुखतं म्हणून त्या बरेच महिने गोळ्या घेत होत्या. निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या यजमानांना बाजूला नेऊन सांगितलं, आता फार उशीर झाला आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला मी इस्पितळात गेले. दुपारची भेटीची वेळ होती. केवढ्याशा झाल्या होत्या. मी येताना बरंच काही ठरवून आले होते, माफी हा शब्द मनात घोळवत आले होते. खुर्चीवर बसले आणि डाळिंबाच्या पिशवीशी चाळा करत राहिले. त्यांनीच विचारलं.

"भूजलाचा धडा झाला का?"

"झाला. मागच्याच आठवड्यात."

"कसा घेतला?"

मी खोटं बोलू शकले असते. "फळ्यावर," म्हणाले.

"हं," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटले. झोप लागली असेल, किंवा नसेलही. तेजू म्हणाली, "आंटी, मम्मी थक जाती हैं." मी उठले. त्यानंतर दोनदा जायचं ठरवलं आणि गेले नाही.

शाळेत शोकसभा झाली, सकाळच्या प्रार्थनेला जोडून, दोन मिनिटांची. प्राचार्य त्यांना 'बंदना जी' म्हणाले. मला बोलायला सांगितलं, 'आप दोनों तो महाराष्ट्र से हैं न' म्हणून. 'त्या कर्तव्यनिष्ठ आणि मनमिळाऊ होत्या' असं मी हिंदीतून म्हणाले. दोन हजार मुलं उन्हात उभी होती. शाइस्ता आता अकरावीत आहे, मुलींच्या रांगेत शेवटी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला तो अर्ज, ती मीटिंग, काहीच माहीत नाही. तरीही मला ते पाहणं सोसलं नाही.

गेल्या आठवड्यात मी बाबूजींकडे स्टोअरची चावी मागितली. त्यांनी ती खणातून शोधून काढली, तिच्यावर गंज चढला होता. म्हणाले, "मैम, डेढ़ साल में आप पहली हैं." दार उघडल्यावर आधी ओला, कुबट वास आला. दोन पावसाळ्यांचं पाणी भिंतीतून झिरपलेलं. खोकी मात्र ओळीने, नीट. मला वाटलं होतं, लायब्ररीच्या नियमाने लावली असतील, क्रमांकाप्रमाणे. तसं नव्हतं. प्रत्येक खोक्यावर ताईंच्या अक्षरात शिक्षिकेचं नाव, इयत्ता, महिना आणि धडा लिहिलेला कागद चिकटवलेला होता, म्हणजे कोणालाही न शोधता आपलं खोकं उचलून वर्गात नेता यावं. शुक्ला मॅडमची चार. सही न करणाऱ्या बाकीच्या तिघींची प्रत्येकी दोन-दोन. श्रीवास्तवजींच्या नावाचंही एक होतं. माझी सहा.

माझ्या खोक्यांच्या चिकटपट्ट्या जशाच्या तशा होत्या. सर्वांत वरच्यावर लिहिलं होतं : 'आठवी, नोव्हेंबर, स्थलांतर.' हा धडा आम्ही दोघींनी कधी केलाच नव्हता, तो त्यांनी लायब्ररी बंद होत असताना, एकटीने बसून, माझ्यासाठी ठरवला होता. खाली पाच पुस्तकांची नावं, आणि त्याखाली 'प्रश्न : ताई काढतील.' मी पट्टी सोडवली. आत वाळवी होती. पुठ्ठ्याच्या तळातून शिरली असणार. पुस्तकांच्या जागी मातीची पोकळ ढेकळं होती, हात लावला तशी बसत गेली. इतर खोकीही एकेक करून उघडली. बाबूजी दारात उभे होते. हळूच म्हणाले, "छोड़िए मैम, इसमें अब कुछ नहीं है."

तो कागद मी सोलून घरी आणला. आठवीचा स्थलांतराचा धडा येत्या सोमवारी आहे. तीन दिवस मी संध्याकाळची जेवणाच्या टेबलाशी तो समोर ठेवून बसते. तीस वर्षांपूर्वी सांगली सोडून इथे आलेली मी. या धड्यावर एक तरी प्रश्न मला सुचायला हवा. यजमान विचारतात, काय शोधतेयस? कागदावर 'प्रश्न'च्या ओळीखालची जागा अजून कोरी आहे.